तीन ओळींची जागा

शरणपूरच्या देवळात पाळक गोरडेंनी
उपासना संपल्यावर एकेक कागद वाटला.
वर छापलेलं: माझ्या जीवनात देवाचा हेतू.
खाली तीन ओळींची जागा, कोपऱ्यात नाव.
नाव मी लगेच लिहिलं. सरोजिनी उबाळे.
पुढचं अडलं.

"घाई नाही, बाई," पाळक म्हणाले. तरुण आहेत, भले आहेत.
"प्रार्थना करा, उत्तर येईल."
मी प्रार्थना केली. आला तो गॅसवाला.

एक रविवार गेला, दुसरा गेला.
भालेरावबाईंनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या,
वर पुरवणी मागितली.
त्यांच्या धाकट्याला स्वप्नात नकाशा दिसला म्हणे,
कुठं जायचं त्यावर बोट ठेवलेलं.
माझ्या स्वप्नात अजून नोटांचे ताव येतात.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी ताव तपासले.
कुठे शाई पसरलेली, कुठे आकडा केसभर घसरलेला,
पेन्सिलीने खूण, ताव बाजूला.
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती,
आणि घरी येताना द्वारकेपाशी
सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडण.
देवळात तो नाण्याचा धडा वाचला
की बोटांची टोकं हुळहुळतात.
मला चूक तेवढी शोधता येते, प्रभू.
हेतू कसा शोधतात ते तू शिकवलंच नाहीस.

सकाळी सहा चाळीसला मी समोर जाते.
दगाजी खैरनार, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त,
रक्तात साखर, जिभेवर मिरची.
देव मानत नाहीत, माझाही नाही, त्यांच्या घरचाही नाही.
मुलगा हिंजवडीत. दर शनिवारी फोन करतो,
बापाला नव्हे, मला.
त्यांचा हात कापतो म्हणून सुई मी टोचते.
पहिल्या दिवशी माझाच कापला होता.
बोटावर थेंब, पट्टीवर थेंब, आकडा,
मग पोटावर, जागा बदलून बदलून,
काल डावीकडे, आज उजवीकडे.
ते छताकडे बघत म्हणतात, "दुखलं."
एवढाच आमचा संवाद.

जानेवारीतला गुरुवार.
नळाचं पाणी हाडात शिरत होतं.
देवळात बायकांची प्रार्थना होती, म्हणून पिशवी खांद्याला,
पिशवीत तो कागद, कोराच परत करावा म्हणून.
खैरनार दार उघडेनात.
किल्ली माझ्याकडे असते.
पलंगावर ते, एवढ्या गारठ्यात घामाने भिजलेले,
पुटपुटत होते,
बायकोचं नाव की शिवी, कळलं नाही.
पट्टीवर बावन्न.
हाताची जुनी खोड, हाती लागलं त्यावर लिहिलं.
उशी मागे लावून साखरेचं पाणी,
चमचा, थांबून परत चमचा.
मी "प्रभू, प्रभू" म्हणत होते
की "गिळा, गिळा", आठवत नाही.
परत टोचलं, परत लिहिलं.
तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा डोळे उघडून म्हणाले,
"साखर फार घातलीस."

डॉक्टरांनी विचारलं, "आकडे वेळेसकट आहेत?"
मी पिशवी चाचपली. कागद निघाला.
हेतूच्या खाली, बरोबर तीन ओळींत:
सहा पंचेचाळीस, बावन्न.
सहा अठ्ठावन्न, एकोणऐंशी.
सात तेरा, एकशे चार.
कोपऱ्यात नाव.
ते म्हणाले, "अक्षर छान आहे,"
दोन युनिट कमी केली
आणि कागद फाईलला टाचला.

रविवारी पाळक गोरडे दारात उभे.
"सलाम, बाई. तुमचा तेवढा राहिला."
म्हटलं, "जमा केलाय. दुसरीकडे."
ते हसले. समजले नसावेत.
मला तरी कुठे धड समजलंय?

सोमवारी सहा चाळीस. सुई भरली
आणि हात हवेत थांबला.
काल डावीकडे होतं की उजवीकडे?
खैरनार छताकडेच बघत होते.
"उजवीकडे होतं," म्हणाले.
"आज डावीकडे."